काकूंचा जुना कॉम्प्युटर

गेल्या सोमवारी दुपारी नंदनवन वस्तीत टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या एका काकूंवर अन्याय झाला, आणि तो आम्हीच केला. वस्तीत नळाला पाणी नाही म्हणून आम्ही कार्यकर्त्यांनी मोहीम काढली, पण तक्रार घेतली फक्त वेबसाइटवर. सायकलच्या पंपानं धूळ उडवून, जुन्या मशीनला झेपेल अशी हलकी सिस्टीम टाकून काकूंनी जुना कॉम्प्युटर चालता ठेवलाय. त्यावर आमची साइट कोरीच राहिली. तक्रार द्यायला काकूंच्या दुकानात आलेल्या बाया ताटकळल्या. मीही तिथंच होतो.

"काकू, आता नवा घ्या ना," मी म्हणालो.

कॉम्प्युटरवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "काहून गा? हा तं चालून राहिला. तुमची साइटच चालून नाही राहिली."

बाया हसल्या आणि तक्रार न देताच घरी गेल्या.

माझ्यासारख्यांनो, लोकांसाठी साइट बनवता ना? मग आधी अशा कॉम्प्युटरवर उघडून दाखवा.