सामानापाशी कोण बसणार?

प्रेमलाबाई ओव्हाळ आयुष्यात अकरा वेळा धबधब्याला गेल्या आणि अकराही वेळा कोरड्या परत आल्या.

यात धबधब्यांचा काही दोष नव्हता. ते बिचारे आपलं काम चोख करत होते. दोष होता एका प्रश्नाचा. गाडीतून उतरलं, पाण्याचा आवाज कानावर आला, पोरांनी चपला भिरकावल्या, की घरातलं कुणीतरी विचारायचंच, "पण सामानापाशी कोण बसणार?" विचारणारा उत्तरासाठी थांबायचा नाही. उत्तर आधीच चटई अंथरून बसलेलं असायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात प्रेमलाबाई बसल्या, कारण त्या नव्या सून होत्या. पुढे बसल्या, कारण राकेश मांडीवर होता. राकेश पाण्यात जायला लागला, तेव्हा त्याचे कोरडे कपडे सांभाळायचे होते. त्यानंतर कारण द्यायची कुणाला गरजच वाटली नाही. पदरात नणंदेच्या कुड्या, दिरांची पाकिटं, नवऱ्याचं घड्याळ, आणि एका वर्षी तर रुमालात गुंडाळलेली सासऱ्यांची कवळी. मंडळी कुडकुडत, हसत परत यायची आणि वर म्हणायची, "वहिनी, तुम्ही यायला हवं होतं, काय मजा आली!" प्रेमलाबाई टॉवेल पुढे करायच्या.

बाई गरीब गाय होती असं मात्र समजू नका. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेली बाई ती. तिथे आत जाताना काडेपेटी चालत नाही, मोबाईल चालत नाही. ज्याने त्याने आपलं सामान आपल्या कप्प्यात ठेवायचं, बिल्ला घ्यायचा आणि कामाला लागायचं. एका नव्या साहेबाला त्यांनी खिशातल्या लायटरसकट दारातूनच परत पाठवलं होतं. साहेब चिडला, मग दुसऱ्या दिवशी आपणहून खिसे उलटे करून दाखवू लागला. अशी खमकी बाई घरच्या सहलीत चटईवर का बसून राहिली, हे कोडं तिचं तिलाही उलगडलं नव्हतं. कारखान्यात नियम लिहिलेले होते, घरात ते कुणी लिहिलेच नव्हते, म्हणून मोडताही आले नसतील.

निवृत्त झाल्यावर ओव्हाळ कुटुंब खडकीचं क्वार्टर सोडून वारज्याला राकेशच्या फ्लॅटवर आलं. एकसष्टाव्या वर्षी, जूनमधल्या एका संध्याकाळी, सून मैत्री मोबाईलवर काहीतरी बघत होती. "आई, हे बघा. कसबा पेठेतला एक जण एकदिवसाची सहल नेतो. ताम्हिणीचा घाट, दरी, धबधबा. नाश्ता, जेवण, गाईड, सगळं."

प्रेमलाबाईंनी चष्मा लावून फोटो बघितला. मग म्हणाल्या, "ऑगस्टमधलं एक तिकीट काढ."

"एकच?"

"एकच."

सोफ्यावर त्यांचे यजमान भीमराव पेपर वाचत होते. पेपर खाली आला. "अगं, या वयात? आणि एकटी? धबधबा काय पळून चाललाय का?"

"तो नाही पळत. मी पळतेय, सत्तरीकडे."

"मग मी येतो की सोबत."

"तुम्ही आलात तर मी सामानापाशीच बसेन," प्रेमलाबाई म्हणाल्या. "मला भिजायचंय. एकदा. डोक्यापासून पायापर्यंत."

भीमरावांना हे झोंबलं. माणूस वाईट नव्हता, जन्मात बायकोला कधी उलटून बोलला नव्हता; पण छत्तीस वर्षं तो भिजून आला होता हेही खरंच. त्यांनी पेपर पुन्हा वर धरला आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

प्रेमलाबाईंनी एकदा मनावर घेतलं की घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे वारज्याची टेकडी. पहिल्या आठवड्यात गुडघ्यांनी बोंब ठोकली, त्यांनी ऐकलं नाही. चांगली पकड असलेले बूट घेतले आणि ते घालून घरभर फिरल्या. राकेश हसला, तर म्हणाल्या, "हस. हसायला तिकीट लागत नाही."

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी सकाळी सहाला त्या वारज्याच्या पुलाखाली उभ्या होत्या. बस आली. गाईड गंधार, तिशीतला, दाढी राखलेला, आवाज मोठा आणि स्वभाव गोड. त्याने यादीत नाव बघितलं, बाईंकडे बघितलं, त्यांच्या मागे कुणी आहे का तेही बघितलं.

"काकू, मुलं नाही आली?"

"त्यांना कामं आहेत. मला नाहीत."

शेजारच्या सीटवर त्यांच्याच वयाची एक बाई होती, कौशल्याबाई. मूळच्या वारजे गावातल्या. शेत कधीच गेलं होतं, त्यावर इमारती उभ्या होत्या. मुलगा विश्वजीत, सून शेफाली आणि सात वर्षांची नात संस्कृती पुढच्या सीटवर. कौशल्याबाईंच्या मांडीवर तीन पिशव्या आणि नातीची गुलाबी बाटली. प्रेमलाबाईंनी त्या पिशव्या बघितल्या.

पिरंगुट गेलं, पौड गेलं. पोहे झाले. मुळशीचं पाणी मागे पडलं आणि बस घाटाला लागली. डोंगर असे हिरवे की डोळे निवावेत, आणि जागोजागी कड्यावरून पांढऱ्या धारा. प्रेमलाबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. दरी बघायच्या जागी सगळे उतरले, तर समोर नुसतं धुकं.

"इथून फार सुंदर दरी दिसते," गंधार म्हणाला.

"असेल," मागून एक पेन्शनर म्हणाले. "आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो."

दुपारी बारा वाजता बस एका वाडीपाशी थांबली. तिथून अर्धा तास पायवाट. चिखल, ओढा, निसरडे दगड. गंधार दर दहा पावलांनी मागे वळून विचारत होता, "काकू, जमतंय ना?" आणि काकू दर वेळी त्याच्या दोन पावलं पाठी होत्या. टेकडी कामाला आली. वळण घेतलं आणि धबधबा समोर. दोन मजल्यांएवढ्या उंचीवरून कोसळणारा, खाली गुडघाभर पाण्याचं कुंड. कुंडात जायला गंधारने दोर बांधला.

आणि इथे त्यांनी घोटाळा केला. छत्तीस वर्षांची सवय हो, हात आपोआप चालतात. पिशवीतून प्लास्टिकची मोठी चटई निघाली, कोरडासा खडक बघून अंथरली गेली, चार कोपऱ्यांवर चार दगडही बसले. बूट काढावेत म्हणून बाई क्षणभर तीवर टेकल्या.

चटई अंथरली की तिच्यावर सामान येऊन पडतं, हा निसर्गनियम आहे.

"काकू, ही सॅक ठेवू का जरा?" ठेवली. "काकू, मोबाईल आहेत यात, प्लीज लक्ष ठेवा." ठेवले. चष्मे आले, घड्याळं आली, कुणाची कारची किल्ली आली. बुटाची दुसरी नाडी सुटेपर्यंत बावीस माणसांचं सामान चटईवर येऊन पडलं होतं आणि बावीस माणसं पाण्यात ओरडत होती. गंधार लांबूनच अंगठा दाखवून म्हणाला, "वा काकू, तुमच्यामुळे मोठी सोय झाली! तसंही पाण्यात निसरडं आहे. तुम्ही इथूनच बघा, मस्त दिसतो इथून!"

इथून मस्त दिसतो हे प्रेमलाबाईंना ठाऊक होतं. अकरा वेळा बघितला होता.

राग असा आला की कानशिलं तापली. गंधारचा नाही, त्या बावीस जणांचाही नाही. स्वतःचा. कुणी सांगितली होती चटई आणायला? आता उठलं आणि काही हरवलं, तर नाव आपलंच. नाही उठलं, तर बारावी खेप. डोळ्यांत पाणी आलं.

"तुमी जा ओ बाई," शेजारून आवाज आला. कौशल्याबाई आपल्या तीन पिशव्यांसकट चटईच्या कडेला टेकत होत्या. "म्या बसते हितं. मला काय, सवय हाय."

देवासारखी धावून आली होती बाई! प्रेमलाबाई उठल्या. दहा पावलं गेल्या. पाण्याचे तुषार तोंडावर यायला लागले. आणखी वीस पावलं, की झालं. त्यांनी एकदाच मागे वळून बघितलं.

कौशल्याबाईंनी मोबाईल पोटाशी घेतले होते, किल्ली पदराला बांधली होती आणि दुसऱ्यांच्या चपला जोडीजोडीने लावत होत्या. अशाच. अगदी अशाच बसत होतो आपण. आपणही टॉवेल असेच पुढे करत होतो.

प्रेमलाबाईंचं पाऊल पुढे पडेना. दुसरीला बसवून भिजायचं, तर नणंदेत आणि आपल्यात फरक तो काय राहिला? त्या तशाच माघारी आल्या.

"उठा."

"आन् सामान?"

"सामान गेलं खड्ड्यात. उठा म्हणते ना!"

मग प्रेमलाबाई वळल्या आणि बत्तीस वर्षं यंत्रांच्या वर चढलेल्या आवाजात ओरडल्या, "गंधार! सगळ्यांना बाहेर बोलाव. दोन मिनिटांत ज्याने त्याने आपलं सामान उचलायचं. मी चटई उचलतेय!"

"अहो काकू, पण..."

"पण नाही नि बिण नाही. चटई माझी आहे." आणि त्यांनी खरोखरच एक कोपरा धरून वर उचलला. तीन सॅक घरंगळल्या.

काय पळापळ झाली म्हणता! दहा हाका मारून बाहेर न येणारी माणसं एका कोपऱ्यासरशी काठावर आली. एक मुलगी रडकुंडीला येऊन आपला मोबाईल शोधत होती. पेन्शनर काका पुटपुटले, "पैसे भरून शिस्त." विश्वजीत पाणी निथळत आला, जरा घुश्श्यातच.

"काकू, एवढं काय त्यात? आई बसते की. तिला पाण्याची भीती वाटते."

"भीती?" कौशल्याबाई म्हणाल्या. इतका वेळ खाली असलेली मान वर झाली. "कुनी सांगितलं तुला? माझं म्हायेर पानशेतच्या अंगाला. लग्नाआधी इहिरीत उड्या मारत होते मी, पोरांच्या आधी. तू कवा इचारलंस मला?"

शेफालीने सासूकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. संस्कृतीला एवढंच कळलं की आजी विहिरीत उडी मारते, आणि ती टाळ्या पिटायला लागली.

"हे बघा," प्रेमलाबाई म्हणाल्या, "सामान सांभाळायला माणूस हवा, मान्य आहे. पंधरा-पंधरा मिनिटांची शिफ्ट. पहिली शिफ्ट विश्वजीतची. दुसरी काकांची. जो एकदाही बसलेला नाही, त्याने निघायची घाई करायची नाही."

विश्वजीत बसला. कसं बसायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. बायकोची पर्स एका हातात, लेकीची गुलाबी बाटली दुसऱ्यात. गंधारने दोर घट्ट केला आणि स्वतः कुंडात उभा राहिला. "या काकू. डावा पाय आधी."

डावा पाय आधी. मग उजवा. पाणी बर्फासारखं गार. मागून कौशल्याबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला होता, का त्यांनी कौशल्याबाईंचा, देव जाणे. शेवटचं पाऊल टाकलं आणि धार डोक्यावर आली.

बाप रे! प्रेमलाबाई किंचाळल्या. धबधबा मारतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काठावरून तो मऊ दिसतो, कापसासारखा. आत तो डोक्यात, खांद्यांवर दणके घालतो, श्वास घेऊ देत नाही, डोळे उघडू देत नाही. आणि कानांत एवढा आवाज की बाहेरचं काहीही ऐकू येत नाही. टॉवेल कुठाय, डबा कुठाय, माझं घड्याळ कुठाय, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. प्रेमलाबाई हसत होत्या की रडत होत्या, हे त्या पाण्यात त्यांनाही कळलं नाही. शेजारी कौशल्याबाईंनी अंबाडा सोडला होता आणि दोन्ही हात वर करून त्या ओरडत होत्या, सोळा वर्षांच्या पोरीसारख्या.

पंधरा मिनिटं कुणी त्यांना बाहेर बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी त्या आल्या नसत्या.

संध्याकाळी सात वाजता बस वारज्याच्या पुलाखाली थांबली. भीमराव उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं, तरी कधीचे उभे होते, आणि खांद्यावर टॉवेल. कौशल्याबाई मागच्या दाराने उतरत होत्या. त्यांच्या पिशव्या विश्वजीतकडे होत्या.

भीमरावांनी बायकोच्या ओल्या केसांकडे बघितलं. टॉवेल पुढे केला. "कसा होता?"

"मारतो," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"धबधबा. डोक्यात दणके घालतो. छत्तीस वर्षं भिजून येत होतात, एकदाही सांगितलं नाहीत."

"तू विचारलं..." भीमराव बोलता बोलता थांबले. "नाही. मीच कधी विचारलं नाही, तुला यायचंय का म्हणून."

प्रेमलाबाईंनी केस पुसले. घाई केली नाही. मग ओली, जड पिशवी त्यांच्या हातात दिली, चटईसकट.

"पुढच्या रविवारची दोन तिकिटं सांगितलीत गंधारला. एक माझं, एक कौशल्याबाईंचं."

"आणि माझं?"

"काढते की," प्रेमलाबाई चालायला लागल्या. "सामानापाशी कोण बसणार?"