एकदम म्हणजे किती एकदम?

आदरणीय दिगंबरराव हाळीकर सरांची आणि माझी पहिली भेट लातुरातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाली. सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आणि मी कंधारचा, नववीत शाळा सोडलेला, तीन दुकानं बदलून तिथं आलेला. सरांनी दिलेल्या सर्किटला मी सोल्डर केलं. त्यांनी खिशातलं भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "वरून चमकायलंय, आतून सुटलेलं हाय. तुझ्यासारखंच. उद्यापासून माझ्याकडं ये." गेलो, आणि चार वर्षं राहिलो. इतका मी कुठंच टिकलो नव्हतो.

लातूरच्या भूकंपानंतर सरांनी एकच काम धरलं होतं. इमारत पडायच्या आधी तिची परीक्षा घ्यायची. गच्चीवर शेजारी-शेजारी दोन यंत्रं ठेवायची, प्रत्येकात पुढं-मागं सरकणारं लोखंडी वजन. वजनाला चाल देणारी एक चिप, तिला डीडीएस म्हणतात. सर मला समजावून सांगायचे, "घड्याळाच्या प्रत्येक टिकटिकीला ही चिप एक पाऊल टाकती. पाऊल मोठं केलं की लहर जलद. आपण पाऊल हळूहळू वाढवत न्यायचं, अन् कोणत्या वेगाला इमारत डोलती ते पकडायचं." दोन्ही चिपांना घड्याळ एकच हवं, आणि सुरुवातही एकाच टिकटिकीवर हवी. त्यासाठी एका बटणातून दोन्हींकडं जाणारी वायर सरांनी बसवली होती. तिचं सोल्डर माझं होतं.

नांदेडच्या एका कोचिंग क्लासचं तीन मजली वसतिगृह तपासायचं होतं. डायरेक्टरसाहेबांना चौथा मजला चढवायचा होता. आदल्या दिवशी एका यंत्राची चाचणी नीट झाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही लावताना ती वायर माझ्या हातात सुटून आली. सर खाली, इमारतीचं डोलणं मोजणाऱ्या मापकापाशी. बोलणी कोण खाणार? प्रत्येक यंत्राला आपापलं छोटं बटण होतंच. मी दोन अंगठ्यांनी दोन्ही दाबली.

खालून सरांनी विचारलं, "दोन्ही एकदमच सुरू झाली ना रे?"

"हाव सर, एकदमच!"

मला ते खरंच वाटत होतं. इमारत काही हलली नाही. 'इमारत मजबूत' अशा अहवालावर सरांनी सही केली.

आठ दिवसांनी सरांनी एका यंत्राचा आणि दोन यंत्रांचा असे दोन्ही आलेख समोर ठेवले. "मारोती, दोन बैल जुंपले अन् गाडी एका बैलापेक्षा कमी चालली? एकदम म्हणजे कसं दाबलंस?"

मी दोन्ही अंगठे वर केले. सर मटकन खाली बसले. "अरे बाबा, पापणी लवते तेवढा फरक पडला असंल. एक वजन ढकलायलंय, तवा दुसरं ओढायलंय. इमारत कशी हलंल?"

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला पोचलो, तेव्हा तिथं पालकांची सभा चालू होती. सर थेट मंचावर गेले. "माझा अहवाल चुकला आहे," ते माइकवर म्हणाले. "फेरतपासणी होईपर्यंत लेकरं या इमारतीत ठेवू नका."

आता माझं नाव येणार म्हणून मी दाराकडं सरकलो. डायरेक्टरसाहेब हसून म्हणाले, "सर, वयाच्या मानानं होतं असं!" सभा हसली. सर माइक खाली ठेवून उतरले. माझं नाव आलंच नाही. या गोष्टीचा धक्का माझ्या मनातून अजून ओसरलेला नाही.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "सर, माझं नाव का घेतलं न्हाई?"

"सही कोणाची हाय?"

"तुमची."

"मंग?" लोहा गाव मागं पडलं. मग सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भूकंपाच्या आधी ताईनं विचारलं होतं, दगडी भिंत टिकंल का रे. मी मान वर न करताच म्हणलो, मजबूत हाय." त्यांची ही बहीण भूकंपात त्याच भिंतीखाली गेली होती.

हसले तरी पालकांनी मुलं हलवली. फेरतपासणीत, दोन्ही यंत्रं एकाच वायरीवर जोडल्यावर, वसतिगृह असं डोललं की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी सांडलं. डायरेक्टरसाहेब पांढरेफटक पडले. चौथा मजला रद्द झाला, खांब जाड केले गेले, मगच मुलं परत आली. पण 'चुकणारे सर' हे नाव गावभर झालं आणि कामं आटली. सरांनी त्याची कधी तक्रार केली नाही. मी परदेशी निघालो तेव्हा त्यांनी आपलं भिंग माझ्या हातात ठेवलं. आज मी आखातातल्या एका बंदरावर क्रेनची वायरिंग करतो. प्रत्येक जोड त्याच भिंगातून बघतो.

गेल्या महिन्यात सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादकांचं पत्र आलं. सरांनी स्वतः लिहून दिलेल्या कामांच्या यादीत एक ओळ आहे: 'नांदेडचे वसतिगृह. पहिला अहवाल चुकीचा. चूक माझी.' गौरवग्रंथात ती शोभत नाही, काढावी का, असं त्यांनी विचारलं आहे. ती ओळ वाचून मी क्रेनखाली बसून राहिलो. एवढ्या वर्षांनंतरही सरांनी माझं नाव लिहिलं नव्हतं.

संपादकसाहेब, ओळ काढू नका. फक्त दुरुस्त करून छापा: 'चूक मारोतीची, सही सरांची.' सर रागावले तर मला फोन करायला सांगा. बोलणी खायची माझी जुनी बाकी आहे.

सरांची पंचाहत्तरी झाली. त्यांना उदंड आयुष्य मिळो, डोळे असेच तेज राहोत, गुडघे साथ देवोत. सत्काराच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या एकदम वाजवा. इकडून मीही वाजवीन. माझी टाळी पापणीभर उशिरा पोचली, तर ते सरांना बरोबर कळेल.