साडूचे केस आणि कोरा चहा

माझे केस भूकंपानंतर गळायला लागले, असं मी लोकांना सांगतो. खरं तर त्याच्या आधीच्या दिवाळीपासूनच कंगवा भरून यायचा, पण भूकंपावर ढकललं की लोक जरा आदरानं बघतात. लातूरचा माझा साडू मात्र त्या पहाटे बनियनवर बाहेर पळाला, महिनाभर उघड्यावर झोपला आणि त्याच्या डोक्यावरचा एक केस हलला नाही. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस, अजून भांग पाडतो.

पोरगी अकरावीला गेली तशी क्लाससाठी त्याच्याच घरी ठेवली. नांदेडहून रविवारी फोन केला की ती सुरू करायची, काकांनी हे आणलं, काकांनी ते सांगितलं. मी इकडं जळायचो.

एकदा साडूला खोदून विचारलं. "लई सोपं हाय, पाव्हणं," तो म्हणाला. "दिवसातून सहा येळा कोरा चहा. दूध घातलं की गुण गेला."

सहा महिने प्यायलो. पित्त वाढलं, झोप उडाली. बायको म्हणाली, "डोळ्यांखाली काळं आलंय. डोक्यावर येईल तेव्हा येईल." शेवटी ऑफिससमोरच्या चहावाल्याला विचारलं. त्यानं टोपी काढून दाखवली. आत सगळं गुळगुळीत. "साहेब, पंचवीस वर्षं चहातच हाय मी." डॉक्टरही म्हणाले, आवडतो म्हणून प्या, पण चहानं केस थांबतात असं खात्रीनं सांगता येत नाही. तुमच्या वडिलांचं डोकं कसं होतं ते आठवा.

मग क्लासच्या पालकसभेचा निरोप आला. पोरगी फोनवर म्हणाली, "पप्पा, तुम्ही कशाला एवढं लांब येता? काका जातील."

मी समजायचं ते समजलो. पोरीला टकल्या बापाची लाज वाटते. सकाळची पहिली एसटी धरून लातूर गाठलं. क्लासच्या जिन्यात साडू उभा, केसांना ताजं तेल, शेजारी माझी पोरगी. शिपाई त्याला म्हणाला, "या, पालक ना?" आणि मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही खाली खुर्चीवर बसा."

"हे माझे पप्पा आहेत," पोरगी म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

मी तिला बाजूला घेतलं. "मग येऊ का देत नव्हतीस? डोक्यामुळं?"

"डोक्याचं काय त्यात? टेस्टला मार्क कमी पडले. काकांना महिन्यापूर्वीच सांगितलं. तुम्ही चिडता."

साडूच्या केसांचा हेवा इतकी वर्षं करून अंगवळणी पडला होता. पण माझ्या पोरीचे मार्क त्याला महिनाभर आधी ठाऊक, हे काही केल्या पचेना.

"किती पडले?"

"आधी चिडणार नाही म्हणा."

"नाही चिडत."

तिनं सांगितले. मी चिडलोच, पण जिन्यात पालकांची एवढी गर्दी की आवाज काढायची सोय नव्हती. माझा आवाज चढत नाही हे तिनं हेरलं. मग हळूच म्हणाली, "फिजिक्सचे तर अजून काकांनाबी सांगितले नाहीत."

आणि माझ्या कानात सांगितले. किती ते इथं लिहीत नाही. साडूला अजून माहीत नाही.