चौदावी साक्षीदार

ते प्रकरण गुन्ह्याच्या नोंदवहीत चढलंच नाही, तरी सगळ्या नोकरीत मला तेच जास्त आठवतं. मी तेव्हा लोहारा भागातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. नावं कुणाचीच देणार नाही. एक मात्र द्यावं लागेल, कारण सगळा घोळ त्या नावाचाच होता.

सकाळच्या हजेरीनंतर बीट हवालदार बातमी घेऊन आले. "मॅडम, माकणीच्या पुढच्या वस्तीवर येडशीचा एक रिटायर मास्तर दर आठवड्याला एस्टीनं येतोय. तिथं मेहरबी म्हणून म्हातारी हाय, पंच्याऐंशीची. तिला पुढ्यात बसवून खुनाचं विचारतो. म्हातारी रडती. तिचा ल्योक म्हनतो, पुन्हा आला तर तंगडं मोडतो."

"कुणाचा खून?"

"निजामाच्या काळातल्या पटवाऱ्याचा!" हवालदार हसले. "आरोपी गेला, फिर्यादी गेला, निजाम बी गेला. मास्तरच तेवढा राह्यलाय."

हसण्यासारखं होतं, पण तंगडं मोडल्यावर गुन्हा मलाच दाखल करावा लागला असता. स्टेशन डायरीत नोंद करून मी निघाले.

मेहरबी ओसरीवर बसली होती. मी विचारलं, "आजी, पटवाऱ्याचा खून तुम्ही पाहिला?"

"हौ."

"कुठं झाला?"

"मास्तर म्हनले तिथंच. हिरीपाशी."

"पटवाऱ्याचं पागोटं लाल होतं ना?"

"हौ, लालच."

थोडं थांबून म्हटलं, "पण पांढरं होतं असं ऐकलंय."

"हौ बाई, पांढरंच व्हतं की."

मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई भला मानूस हाय वो मास्तर. न्हाय म्हनलं की त्याचं तोंड बघवत न्हाय."

कोठडीत मी असे होकार पाहिले होते. ओसरीवर पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी येडशीच्या त्या गुरुजींना ठाण्यात बोलावलं. सत्तरीचे, पांढरा सदरा, बगलेत सात वह्या. हवालदारांनी लिहिलेला जबाब वाचून त्यांनी आधी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि मग सही केली.

"त्या बाईंना त्रास का देता?" मी सरळ विचारलं.

"त्रास नाही, मॅडम. साक्ष घेतो."

चाळीसच्या दशकात त्यांच्या गावच्या पटवाऱ्याचा खून झाला आणि गुरुजींच्या वडिलांना जन्मठेप झाली. वडील तुरुंगातच वारले. गुरुजी तेव्हा पाच वर्षांचे. "पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं," ते म्हणाले, "तरी गावात गेलो की अजून म्हणतात, पटवाऱ्याला मारलेल्याचं पोर आलं. मरायच्या आधी एवढं एक वाक्य मला पुसायचंय."

निवृत्तीनंतर अकरा वर्षं ते त्यामागं होते. दप्तरखान्यांतून हिंडून त्यांनी साक्षीदारांच्या यादीची नक्कल मिळवली होती. मूळ कागद उर्दूत, कडेला कसर लागलेला. उर्दू येत नसल्यामुळं विदर्भातून बदलून आलेल्या एका शिक्षकाकडून त्यांनी तो देवनागरीत उतरवून घेतला. तेरा नावं, सगळे वडिलांच्या विरुद्ध. आणि खाली, नावांच्या रांगेतच: '१४ मेहर'.

"चौदाव्या बाईची साक्ष फाइलमध्ये नाही," गुरुजी म्हणाले. "ती का दडवली असेल, सांगा. मेहरबीचं माहेर आमच्याच गावचं. त्या आता म्हणतात, मारणारा दुसराच होता."

मी उर्दू यादीची झेरॉक्स ठेवून घेतली. धाराशिवला मीटिंगला गेले तेव्हा निजामाच्या कचेरीत पेशकार राहिलेल्या एका नव्वदीच्या गृहस्थांना ती दाखवली. त्यांनी कागद डोळ्यांशी धरला आणि खोकला येईपर्यंत हसले.

"ही बाई न्हाय, मॅडम. ह्यो महिना हाय. आमच्या फसली सालाचे महिने असेच: आजूर, दै, बहमन... मेहर म्हंजे तुमचा ऑगस्ट धरा. यादी केल्याची तारीख हाय ही, चौदा मेहर. म्होरलं साल कसरीनं खाल्लं. मास्तर चौदा तारखेला हुडकत फिरतोय व्हय?"

विदर्भाच्या शिक्षकाला उर्दू येत होती, निजामाचे महिने ठाऊक नव्हते. अकरा वर्षं तेवढ्यावर गेली.

मी येडशीला जाऊन गुरुजींना सांगितलं. उभ्या उभ्या, पाच मिनिटांत. वाईट बातमी लांबवू नये हा माझा नियम. आत जाऊन त्यांनी सातही वह्या आणल्या आणि माझ्या हातात द्यायला लागले. मी घेतल्या नाहीत. मग म्हणाले, "त्या बाईंची माफी मागायला हवी. तुम्ही बरोबर चला. त्यांचा मुलगा चिडलेला आहे."

आम्ही वस्तीवर गेलो. गुरुजींनी हात जोडले, पण तोंड उघडायच्या आत मेहरबीच बोलली. पोलीस बरोबर बघून ती घाबरली असावी.

"म्या बघितलंय मास्तर. अल्लाची शपथ. तुमचा बाप न्हवता त्यो. तुमच्या बापानं मारलं न्हाय."

हे वाक्य ऐकायला त्या माणसानं जन्म घालवला होता. मी खाली पाहिलं.

"नाही, आपा," गुरुजी म्हणाले. "तुम्ही तिथं नव्हता. तुम्ही काही पाहिलं नाही. चूक माझी."

"हौ," म्हातारी लगेच म्हणाली. "न्हवते म्या."

मुलानं चहा विचारला. आम्ही घेतला नाही. स्टेशन डायरीतल्या नोंदीवर निकाली काढल्याचा शेरा मी त्याच दुपारी मारला.

पण जीपमध्ये गुरुजींनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, त्या तेरा जणांनासुद्धा असंच विचारलं असेल का?"

मी तोवर वीस वर्षं जबाब घेत होते. खाली 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असं लिहून अंगठे घेत होते. त्यांतले किती नुसते 'हौ' होते, हे तोवर मोजायचं मला सुचलं नव्हतं. आता सुचून उपयोग नव्हता.

"असेल," मी म्हणाले. "नसेलही. गुरुजी, ते कागदावर येत नाही."

येडशीच्या स्टॅंडवर ते उतरले. पुढच्या वर्षी वारल्याचं कळलं. गावात त्यांना अजून काय म्हणतात, ते मी विचारायला गेले नाही.