दोन बोटं कंबर

जाग आली तरी वकीलसाहेब लगेच उठत नसत. पोटावर तळहात ठेवून, छताकडे बघत पडून राहत. आत कुणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि ते नीट ऐकून घ्यायचंय, अशा थाटात. मग निकाल लागायचा. "टाचणी." नाहीतर "सुई." वाईट दिवशी, "कात्री."

स्वयंपाकघरातून आत्या रोज विचारायची, "काय गं, आज काय?" आणि उत्तर आल्याशिवाय तिचा हात पुढच्या कामाकडे वळत नसे.

वकीलसाहेब म्हणजे आत्याची भाची, तेरा वर्षांची. वादात कुणाला हार जायची नाही, म्हणून हे नाव पडलं. आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा चिवट आजार तिला आठव्या वर्षी जडला होता. आईवडील लांबच्या गावी, मोठं हॉस्पिटल इथे. म्हणून भावाने पोर बहिणीकडे आणून ठेवली. निघताना एवढंच म्हणाला, "ताई, तुझ्या भरवशावर ठेवतोय." ते वाक्य आत्याच्या मानेवर बसलं ते बसलंच.

आत्या कपडे शिवायची. पुढची खोली म्हणजेच दुकान: एक मशीन, एक उभा आरसा, अल्टर करायला आलेल्या कपड्यांचा ढीग. दुखण्याची मापं पोरीने तिथूनच उचलली होती. टाचणी असली की शाळा. सुई असली की घरीच, गरम पाण्याची पिशवी घेऊन. कात्री म्हणाली की आत्या हातातलं काम टाकून तिला इमर्जन्सीत न्यायची.

तिथे आता सगळे ओळखीचे झाले होते, डॉक्टर सोडून. डॉक्टर दर खेपेला नवा असायचा आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. आत्या अडखळायची. मग पोट धरून वाकलेली पोरच घडाघडा सांगायची, आजार कधीपासून, गोळ्या कुठल्या, रक्त किती वेळा पडलं. दारातल्या सिस्टर तिला बघताच म्हणायच्या, "काय वकीलसाहेब, पुन्हा तारीख पडली?"

"काय करणार, सिस्टर. केस जुनी आहे."

एकदा मात्र सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. "मावशी, दर पोटदुखीला इथे धावायचं नसतं हो. सकाळी ओपीडीत दाखवा. इथे खरे सिरियस पेशंट ताटकळतायत." माणूस वाईट नव्हता. पण शेजारच्या खाटांवरच्यांनी वळून बघितलं, आणि आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना कोपऱ्यावर पोर म्हणाली, "माझ्यामुळे तुला बोलणी बसली ना?"

"जा गं! मी काय मेणाची आहे?"

त्यानंतर कात्रीचे दिवस एकदम कमी झाले. आत्याला वाटलं, औषध लागू पडतंय.

पुढे सूज पुन्हा उसळली. ओपीडीतल्या डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या वाढवल्या आणि बजावलं, ताप आला किंवा दुखणं वाढलं तर थांबायचं नाही. आठवडाभर रोज सुईच होती. मग एका सकाळी पोर नेहमीपेक्षा जास्त वेळ छताकडे बघत राहिली.

"काय गं, आज काय?"

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, आत्या. टाचणीसुद्धा नाही."

आत्याने गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, टेप घेऊन आली आणि पोरीच्या कंबरेभोवती फिरवली. दोन बोटं जास्त. पुन्हा मोजलं, तेवढंच. इतकी वर्षं पोरीच्या स्कर्टची कंबर ती आत आतच घेत आली होती.

"अगं, अंग धरलंस की तू!"

तिने लगेच भावाला फोन लावला. "कंबर दोन बोटं वाढली रे तिची." पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

पोर टेबलाला हात टेकून उभी होती. "झोपू का जरा?"

"झोप. शाळा काय पळून जात नाही."

आत्या तिचा स्कर्ट उसवायला बसली. उसवताना ती गुणगुणत होती. ते गुणगुणणं तिला पुढे फार छळणार होतं.

दुपारी स्कर्ट घालून बघायला तिने पोरीला उठवलं, तर हात गार, ओठ सुकलेले, श्वास वरच्या वर. पोट हाताला फळीसारखं लागलं.

"दुखतंय?"

"नाही गं. नुसतं जड वाटतंय."

दारातल्या सिस्टरांनी या वेळी तारखेचं काही विचारलं नाही. स्ट्रेचर पुढे ओढलं आणि आत हाक मारली.

"आतड्याला भोक पडलंय," सर्जन म्हणाला. "बहुतेक पहाटेच. या गोळ्यांनी दुखणं झाकलं जातं. कधी कधी तर फुटल्यावर उलट बरं वाटतं."

"पण ती अंगाने भरली होती," आत्या म्हणाली. "मी मोजलं ना."

"ते पोट फुगलं होतं, बाई."

ऑपरेशन झालं, पण पोर शुद्धीवर आली नाही. दोन दिवस मशीनने श्वास दिला. भाऊ आला, तिच्या उशाशी बसला, नंतर तिला घेऊन गावी गेला. आत्याला त्याने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर तिला बोलायला तरी काही मिळालं असतं.

भेटायला येणाऱ्या बायका हटकून विचारतात, शेवटचं काही बोलली का हो? आत्या नाही म्हणून मान हलवते. सांगण्यासारखं काही नव्हतंच. पोरीला आत नेण्याआधी सही हवी होती. कागद हातात घेऊन आत्या पिशवी उपसत होती, पर्स चाचपत होती, वाकून स्ट्रेचरखाली बघत होती. पोरीने तोंडावरचा मास्क बोटाने जरासा उचलला.

"डोक्यावर आहे गं चष्मा," ती म्हणाली. "रोजचंच आहे तुझं."