कोरडं कपाळ

दादाचं कपाळ कोरडं होतं आणि त्याचा आम्हाला आनंद झाला होता. त्या आनंदाचा मला अजून राग येतो.

आंबीच्या एका फौंड्रीत माझा मोठा भाऊ भट्टीवर होता आणि मी स्टोअरला. एप्रिलमध्ये भट्टीपाशी उभं राहणं म्हणजे काय, ते ऑफिसच्या एसीत बसून कळत नाही. पण त्या उन्हाळ्यात कंपनीला कळलं म्हणा, वरून कुणी कळवलं म्हणा, थंड जाकिटं आली. बिनबाह्यांची, आतून कप्पे असलेली. कप्प्यांत गोठवलेल्या जेलच्या थैल्या सरकवायच्या, जाकीट अंगात चढवायचं आणि थैल्या मऊ पडल्या की स्टोअरमध्ये येऊन बदलून न्यायच्या. फ्रीजर माझ्या ताब्यात, त्यामुळे माझा भाव एकदम वधारला. कधी वळून न पाहणारे लोक 'भाऊ, जरा कडक गोठलेली द्या' म्हणायला लागले. जाकिटं घेऊन आलेल्या माणसानं बजावून सांगितलं होतं की हे घातलं तरी पाणी प्यायचंच. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कामाला लागले.

दादानं सुरुवातीला टिंगल केली. "नवरदेवावानी नटवलंय आमाला," म्हणायचा. मग त्याला ते इतकं आवडलं की जेवणाच्या सुट्टीतही काढेना.

भाजे लेण्यांजवळच्या आमच्या गावात चैत्रात देवाची जत्रा असते. पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. वडिलांनंतर तो दादाकडं आला. ज्याचा खांदा, त्यानं त्या दिवशी पालखी उठेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि पालखी उठते दिवस मावळताना. दरवर्षी दादा रजा टाकून दिवसभर देवळाच्या सावलीत पडून राहायचा. त्या वर्षी भट्टीवर माणसं कमी होती, रजा मिळाली नाही. आईला काळजी लागली. उपासाची नव्हे, तो वेळेत घरी पोचेल का याची.

"जाकीट हाय की," दादा तिला म्हणाला. "घामच येत न्हाई, तर तहान कुटनं लागायची?"

हे घरात सगळ्यांनाच पटलं.

जत्रेच्या सकाळी तो पहिल्यांदा थैल्या बदलायला आला तेव्हा त्याचं बनियन भिजलेलं होतं. पुढच्या खेपेला कमी. त्यानंतर आला तेव्हा कपाळ कोरडं, गळाही कोरडा. "लय भारी काम करतंय जाकीट," त्याच्याबरोबरचा भट्टीवाला म्हणाला आणि आम्ही दोघं हसलो. दादा हसला नाही. थैल्या हातात तशाच धरून त्यानं मला विचारलं, "पालखी उठली का रं?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. "अजून दुपार बी न्हाई झाली, दादा."

"मग ताशा कसा वाजतोय?"

पंखे घुमत होते, दुसरं काहीच वाजत नव्हतं. मी त्याच्या मानेला हात लावला. छातीवर बर्फ होता आणि मान तापल्या तव्यासारखी. मी घाबरलो. पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली तर त्यानं ओठ घट्ट मिटले आणि हातानं बाटली लोटून दिली. त्याला कशाचंच भान नव्हतं, उपासाचं तेवढं होतं. मग तो गुडघ्यांतून खाली बसला.

आम्ही त्याच्या अंगावर पाणी ओतलं, कंपनीच्या गाडीत घातलं आणि सोमाटण्याला दवाखान्यात नेलं. आई गावातून रिक्षानं आली, जत्रेसाठी नेसलेल्या नव्या साडीतच. डॉक्टरांनी विचारलं, यांनी शेवटचं पाणी कधी घेतलं? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "काल राती. आज थेंब न्हाई घेतला त्यानं. लय कडक पाळतो." तिच्या आवाजात कौतुक होतं. डॉक्टर सलाइनकडं वळले.

दुसऱ्या दिवशी दादा गेला. पालखी आदल्या संध्याकाळीच उठली होती. आमचा खांदा भाऊकीतल्या कुणीतरी दिला होता.

जाकिटं अजून आहेत, आणि चांगलीच आहेत. दादाचं धुऊन पुन्हा वापरात गेलं. थैली देण्याआधी मी आता प्रत्येकाच्या मानेला हात लावतो आणि समोर पाणी प्यायल्याशिवाय थैली सोडत नाही. मागून मला 'मास्तर' म्हणतात. म्हणू देत.

यंदा खांदा माझ्याकडं आला. जत्रेच्या सकाळी पहिल्या पाळीला निघालो तर आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नुसती बघत राहिली. मी माठातून तांब्या भरला आणि तिच्यासमोर उभ्यानं संपवला. भीती देवाची वाटत नव्हती, तिची वाटत होती. तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला. आता बोलणार, असं मला वाटलं. तिनं तो पुन्हा काठोकाठ भरला आणि माझ्यापुढं धरला.