फ्लेक्सवरचं लेकरू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. देवासमोर बसतो, पण तिथंही इकडचं तिकडचं बोलून उठतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज तोंड उघडतंय की काय — कोण जाणे. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

उदगीरला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन — चौकात जे काही दात काढून लटकत असतं त्यातलं निम्मं माझ्या हातचं. फोटोतली माणसं कापणं, डाग पुसणं, काळ्याला गोरं करणं, यात माझा हात धरणारा कुणी नाही असं लोक म्हणायचे. मला त्याचा लई माज होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू?

माझा थोरला भाऊ अहमदपूरला शिक्षक. त्याची बायको म्हणजे आमच्या राजश्री वहिनी. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना दिवस गेले. आमच्या अव्वाला तर — आईला आम्ही अव्वा म्हणतो — काय करू अन् काय नको असं झालं होतं. आणि पाचव्या महिन्यात लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं, बाळाच्या किडन्या तयारच झाल्या नाहीत, जन्मलं तरी जगायचं नाही. दुसरीकडं दाखवलं. तिथंही तेच. मग जे करायचं ते रीतसर, दवाखान्यात, सह्या करून केलं. त्यात कुणाचीही चूक नव्हती. वहिनींची तर नव्हतीच. हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं, एवढं लक्षात असू द्या.

मुलगा होता. दादा बाहेर भिंतीकडं तोंड करून उभा. अव्वानं त्या इवल्या कपाळावर विभूती लावली — आम्हा लिंगायतांत पुरण्याआधी लावतात — आणि ती रडत बाहेर गेली. खोलीत वहिनी अन् मी. त्यांनी लेकराकडं बघून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक फोटो काढून ठेवा. माझ्या फोनात नको, मी सारखी बघत बसंन. तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या. लागला तर मागीन."

मी काढला. दादालाही हे माहीत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडं मोर्चा निघायचा होता. गुपचूप तपासणी करून पोटातल्या मुली पाडणाऱ्या एका डॉक्टरविरुद्ध. मोर्चा खोटा नव्हता हो. मुली पाडल्या जात होत्या, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मोर्चा काढणाऱ्या समितीचे अण्णा दुकानात आले, मी केलेले नमुने बघितले आणि तोंड वाकडं केलं. "हे गोऱ्या लोकांचे लेकरं काय लावून राहिला? आपलं वाटलं पाहिजे. बघणाऱ्या बाईला घाम फुटला पाहिजे."

आपलं वाटणारं — ते कुठून आणायचं? इंटरनेटवर मिळेना. आणि माझ्या फोनात तर होतं.

मी काय विचार केला, विचारता? काहीच नाही. खरं सांगतो, त्या वेळी मला ते लेकरू दिसतच नव्हतं. काम दिसत होतं. कमरेखालचं कापलं, कारण मुलगा दिसला असता. कपाळावरची विभूती पुसली. मागं लाल रंग ओतला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं — "आई, मला का मारलंस?" आणि खुर्चीत मागं रेलून म्हणालो, वा!

फ्लेक्स गाजला. बायका पदराआड तोंड लपवत होत्या, शाळेच्या पोरी एकमेकींना बिलगत होत्या, अण्णांनी माझी पाठ थोपटली. एवढा गाजला की समितीनं तोच अहमदपूरला नेला आणि एसटी स्टँडसमोर बांधला. मला कळलं होतं. मी नको म्हणू शकत होतो. काय कारण सांगणार होतो?

दादाचा फोन आला तसं मी शटर ओढून गाडी काढली. वहिनी बाजाराला निघाल्या होत्या, त्या फ्लेक्सखाली बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या. "हे माझं लेकरू हाय" एवढंच म्हणत होत्या. भोवती गर्दी. समितीतली एक बाई त्यांच्यावर वाकून सांगत होती, "आता रडून काय उपयोग, बाई? तेव्हाच विचार करायचा होता." मी पोचलो तेव्हा मला हे ऐकू आलं. तरी मी तिला गप्प बस म्हणालो नाही.

वहिनींनी मला बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. सुटले, असं वाटलं असावं त्यांना. "भाऊजी, तुम्ही सांगा ह्यांना. भुवईच्या वर बघा — अव्वानं लावलेली विभूती हाय ती."

मी वर बघितलं. होती. पुसताना थोडी राहून गेली होती, कॉम्प्युटरवर मला दिसली नव्हती. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर भुवईवरचा तो पांढुरका पट्टा स्पष्ट दिसत होता. फोटो इंटरनेटवरचा म्हणावं, तर परदेशातल्या लेकराच्या कपाळावर विभूती कुठून येईल?

सगळे माझ्याकडं बघत होते. दादाही. मी म्हणालो, "न्हाई वहिनी, इंटरनेटवरचा फोटो हाय. ते पांढरं छपाईचं हाय, शाई कमी पडली."

"मग आपला फोटो दाखवा."

"कसला फोटो? मी कुठं फोटो काढला, वहिनी?"

झालं. हे मी बोललो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या — रागानं नाही. आपलंच काही चुकतंय का, असं आठवत असल्यासारखं.

दुकानात परतल्याबरोबर मी फाइल उडवली. फोनमधला फोटोही. त्या लेकराचा जगात तेवढा एकच फोटो होता.

मग नांदेडचे डोक्याचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गाडी मीच चालवायचो. डॉक्टरांनी विचारलं, नसलेलं काही दिसतं का ह्यांना? दादानं माझ्याकडं बघितलं. मी होय म्हणून मान हलवली. गोळ्यांनी वहिनी सुजल्या, शिवणकाम सुटलं, हात थरथरायला लागले. पाळण्याच्या कार्यक्रमांना बायका त्यांना बोलवेनाशा झाल्या. स्टँडवर खरं बोलून लाजेनं मेलो असतो तर ते दोन दिवसांचं होतं. त्यांचं हे असं किती वर्षं चाललंय.

परवा त्या आमच्याकडं जेवायला होत्या. माझ्या बायकोला हसत सांगत होत्या, "तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं गं. स्टँडवर काय तमाशा केला मी! भाऊजींनी समजावलं म्हणून भानावर आले." आणि मला आग्रह करून आणखी एक भाकरी वाढली. मी ती खाल्ली.

त्यांचं डोकं फिरलं नव्हतं. त्यांनी आपलं लेकरू ओळखलं होतं.